निर्दोषाची हरकी : शीव कोळीवाडा, सार्वजनिक रस्ता आणि चुकीच्या वाहनदंडावरील हरकत

(1) विषयप्रवेश

मराठेशाहीतील न्यायदानाचा अभ्यास करणाऱ्यास ‘हरकी’ व ‘गुन्हेगारी’ हे दोन शब्द जागोजाग भेटतात. तंट्याचा निवाडा झाला म्हणजे हरलेल्या पक्षाकडून सरकार जी रक्कम वसूल करी ती गुन्हेगारी, आणि जिंकलेल्या पक्षाकडून जी घेई ती हरकी. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी 1819 साली जो अहवाल सिद्ध केला त्यात या प्रथेची नोंद आहे, आणि डॉ. वि. त्रिं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या 1953 च्या ग्रंथात तिचा साक्षेपाने परामर्श घेतला आहे. आधुनिक वाचकास यातील गुन्हेगारी समजते, हरकी समजत नाही. ज्याची बाजू खरी ठरली त्याने सरकारात पैसा का भरावा, असा प्रश्न त्यास पडतो. आणि जुन्या काळातील एक चमत्कारिक चाल म्हणून तो ती बाजूस सारतो.

ही चाल आपण समजतो तितकी जुनी झालेली नाही, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी घेतलेले उदाहरण अगदी क्षुल्लक आहे. वाहन भलत्या जागी उभे केल्याबद्दल शहरात दंडाचे चलान होते. त्यांपैकी काही चलाने चुकीची असतात. क्रमांक वाचण्यात चूक होते, जागा ओळखण्यात चूक होते, कधी मनाई नसलेल्या ठिकाणी मनाई आहे असे गृहीत धरले जाते. अशा चुकीच्या चलानावर हरकत घेणाऱ्या नागरिकास आपले निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी काय किंमत द्यावी लागते, आणि ती किंमत इतिहासक्रमात कशी ठरत गेली, एवढाच येथील प्रश्न आहे.

न्यायसंस्थेचा इतिहास बहुधा मोठ्या खटल्यांच्या आधारे लिहिला जातो. 1897 व 1908 सालचे लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचे खटले हे त्याचे ठळक उदाहरण होय. परंतु सामान्य नागरिकाचा कायद्याशी जो प्रत्यक्ष संबंध येतो तो बहुतेक वेळा अशा लहान दंडाच्या निमित्तानेच येतो, आणि न्यायाविषयीची त्याची कल्पना तेथेच बनते. म्हणून हा विषय क्षुल्लक असला तरी उपेक्षणीय नाही. विवेचनासाठी शीव कोळीवाडा हे स्थळ निवडले आहे. त्याची कारणे पुढे ओघाने येतील.

(2) शीव : दोन न्यायपद्धतींची सीमा

‘शीव’ या शब्दाचा अर्थच सीमा. मुंबई बेटाची उत्तरेकडील हद्द येथे संपे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई. ही सीमा केवळ भूगोलाची नव्हती. 1737 साली ठाणे घेऊन मराठ्यांनी साष्टीत पाय रोवला, 1739 मध्ये वसई जिंकली, आणि 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेईपर्यंत पलीकडचा मुलूख पेशव्यांच्या अमलाखाली राहिला. 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे कायम झाली. म्हणजे सुमारे 37 वर्षे शीवेच्या खाडीच्या एका काठावर कंपनी सरकारचा कायदा आणि दुसऱ्या काठावर मराठ्यांची न्यायपद्धती अशी स्थिती होती. पलीकडे वादी-प्रतिवादींच्या तकरिरी घ्याव्या, निवाडा मान्य करीन असा राजीनामा व जामीन घ्यावा, गोताच्या साक्षीने मजहर करावा आणि शेवटी हरकी-गुन्हेगारी वसूल करावी, असा प्रघात होता.

अलीकडच्या काठावर काय होते तेही पाहिले पाहिजे. 1668 साली मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आल्यावर जेरल्ड ऑन्जियर यांनी न्यायदानाची जी व्यवस्था बसविली तीत शीवेला स्वतंत्र स्थान होते. 1670 च्या योजनेत बेटाचे दोन भाग केले होते. मुंबई, माझगाव व गिरगाव यांचा एक. माहीम, परळ, शीव व वरळी यांचा दुसरा. प्रत्येक भागासाठी पाच न्यायाधीशांचे मंडळ असून त्यापुढे किरकोळ चोऱ्या आणि 200 अशरफींपर्यंतचे दावे चालत. त्यांच्या निर्णयावर उपगव्हर्नर व त्याचे मंडळ यांच्याकडे अपील करता येई. 1672 साली या व्यवस्थेत फेरफार झाला. बेटाचे मुंबई, माहीम, माझगाव व शीव असे चार विभाग करून प्रत्येकात एक जस्टिस ऑफ द पीस नेमण्यात आला. आरोपी पकडला गेला म्हणजे प्राथमिक चौकशी करावी, साक्षी नोंदवाव्या आणि प्रकरण न्यायालयाकडे पाठवावे, हे त्याचे काम.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, सतराव्या शतकातील शीवच्या रहिवाशाला प्राथमिक चौकशीसाठी आपल्या विभागाबाहेर जावे लागत नसे. दुसरी अशी की, अतिशय लहान प्रकरणातही ‘पकडणारा’, ‘चौकशी करणारा’ आणि ‘निर्णय देणारा’ हे तिघे वेगळे असावेत, हे तत्त्व त्या काळच्या तुटपुंज्या व्यवस्थेतही मान्य झाले होते. ऑन्जियरची न्यायालये निर्दोष होती असे कोणी म्हणणार नाही. न्यायाधीशांना कायद्याचे शिक्षण नव्हते, आणि कंपनीचे हित हेच पुष्कळदा न्याय ठरे. तरीही आरोपापासून निर्णयापर्यंतचे अंतर किती आणि ते कोणी तोडावयाचे, याचा काही एक विचार तीत होता. हाच प्रश्न पुढील विवेचनाचा कणा आहे.

(3) अंगणाचा रस्ता कसा झाला

चुकीच्या चलानाचा विचार करताना ‘रस्ता’ म्हणजे काय हे आधी ठरवावे लागते, आणि येथे कोळीवाड्याचा इतिहास उपयोगी पडतो. शीव कोळीवाडा ही मुळात खाडीकाठची मासेमारांची वस्ती. कोळीवाड्यातील घरांपुढची जागा जाळी पसरण्याची, मासळी वाळविण्याची, लग्नाचा मांडव घालण्याची जागा असे. तिला कोणी रस्ता म्हणत नसे, जरी तिच्यावरून माणसांची ये-जा चाले.

तीन घटनांनी ही स्थिती बदलली. जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत सुरू झालेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुरा झालेला शीवचा बांध ही पहिली घटना. त्यायोगे बेटाच्या टोकावरचे शीव साष्टीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आले. दुसरी घटना 1896 च्या प्लेगनंतरची. 1898 च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा व शीव-माटुंगा या योजना हाती घेतल्या. शेते व वाड्या संपादन करून आखीव रस्त्यांची नवी नगररचना उभारली. 1933 साली ट्रस्टचा कारभार महानगरपालिकेकडे गेला. तिसरी घटना फाळणीनंतरची. पंजाबी व सिंधी निर्वासितांची मोठी वसाहत कोळीवाड्यालगत झाली. हार्बर मार्गावरील ‘कोळीवाडा’ स्थानकाचे नाव पुढे गुरु तेगबहादूर नगर असे झाले, हा त्या स्थित्यंतराचा दृश्य पुरावा होय. आखीव रस्त्यांची योजना, जुन्या गावाच्या वाकड्या गल्ल्या आणि निर्वासितांची वसाहत, अशी तीन वेगवेगळ्या रीतींची वस्ती अशा रीतीने एकमेकींना खेटून उभी राहिली.

कायद्याने मात्र या सर्वांना एकच व्याख्या लावली. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या अधिनियमातील ‘रस्ता’ या संज्ञेत हमरस्ता, गल्ली, बोळ, चौक, पायवाट हे सारे येते. त्यावरून जाण्याचा लोकांना हक्क असला, किंवा लोक 20 वर्षे अखंड जात-येत असले, म्हणजे पुरे. मोटार वाहन अधिनियमातील ‘सार्वजनिक जागा’ ही संज्ञाही अशीच व्यापक आहे. ज्या ठिकाणी लोकांना प्रवेशाचा हक्क आहे ते ठिकाण सार्वजनिक, मग ते पुढे कोठे जाऊन मिळो वा न मिळो. यामुळे ज्या अंगणात आजोबांनी जाळे पसरले त्याच जागी नातवाने टेम्पो उभा केला तर तो सार्वजनिक जागी उभा केला असे ठरू शकते.

परंतु ‘सार्वजनिक जागा’ आणि ‘मनाई असलेली जागा’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि चुकीच्या चलानाचे मूळ पुष्कळदा या दोहोंच्या गल्लतीत असते. सार्वजनिक जागी वाहन उभे करणे हा स्वतःच गुन्हा नव्हे. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाप्रमाणे वाहन धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा स्थितीत ठेवणे हा कलम 122 खालचा गुन्हा होय. वाहने उभी करण्याच्या जागा कलम 117 खाली, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवावयाच्या असतात. वाहतुकीची चिन्हे कलम 116 खाली लावावयाची असतात. मुंबई पोलीस अधिनियम, 1951, ज्याचे पुढे महाराष्ट्र पोलीस अधिनियम असे नामांतर झाले, त्याच्या कलम 33 ने रहदारीचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे. चौरस्त्याजवळ, पादपथावर, बसथांब्यापाशी किंवा दुसऱ्याच्या प्रवेशद्वाराआड वाहन उभे करू नये, अशा सामान्य मनाया 1989 च्या रस्त्याच्या नियमांत होत्या. त्यांची जागा 2017 च्या वाहनचालन विनियमांनी घेतली. यांपैकी एखाद्या मनाईत प्रसंग बसला पाहिजे, तरच चलान टिकते.

या दृष्टीने चुकांचे तीन वर्ग पडतात. पहिला, ओळखीची चूक : पाटीवरील अंक चुकीचा वाचला गेला, किंवा कोणी दुसऱ्याच्या क्रमांकाची खोटी पाटी लावली. येथे छायाचित्रातील वाहनाची जात व रंग नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहिले की निकाल लागतो. दुसरा, स्थळाची चूक : जेथे चिन्ह नाही, मनाईचा हुकूम नाही आणि अडथळाही नाही तेथे दंड झाला. येथे जागेचे छायाचित्र व मूळ हुकूम हाच पुरावा. तिसरा, वेळेची किंवा कारणाची चूक : सम-विषम तारखेची बाजू चुकीची धरली गेली, मनाईची वेळ संपली होती, वाहन बंद पडले होते किंवा रुग्णाला उतरविण्यासाठी क्षणभर थांबले होते. पहिल्या दोन वर्गांत कागदावरून निर्णय होऊ शकतो. तिसऱ्यात माणसाचे म्हणणे ऐकावे लागते. हा भेद शेवटी उपयोगी पडणार आहे.

(4) ‘चलान’ आणि ‘पावती’

मुंबईच्या बोलीत या दंडाला दोन शब्द आहेत. ‘चलान झाले’ असेही म्हणतात आणि ‘पावती फाडली’ असेही म्हणतात. वरवर समानार्थी वाटणारे हे शब्द दोन भिन्न कायदेशीर कल्पना व्यक्त करतात. चलान हा मुळात पाठवणीचा कागद. माल, पैसा किंवा आरोपी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठविताना सोबत जाणारा. पोलिसाने चलान केले याचा मूळ अर्थ, त्याने आरोप लिहून प्रकरण न्यायाधीशाकडे पाठविले. 1672 चा शीवचा जस्टिस हेच करीत असे. पावती हा मात्र व्यवहार संपल्याचा कागद. पैसे पोचले, आता काही उरले नाही. पहिल्या कागदाने प्रश्न सुरू होतो, दुसऱ्याने तो मिटतो. विसाव्या शतकातील वाहनदंडाचा इतिहास म्हणजे चलानाची पावती कशी झाली याचा इतिहास होय, असे म्हणणे वावगे होणार नाही.

1914 च्या मोटार वाहन अधिनियमाच्या काळात वाहने थोडी होती. मुंबईत असे गुन्हे प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटांपुढे, आणि किरकोळ प्रकरणे मानद मॅजिस्ट्रेटांपुढेही, चालत. शिक्षेवर अपील करावयाचे तर 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 411 आडवे येई. प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटाने सहा महिन्यांहून अधिक कैद किंवा 200 रुपयांहून अधिक दंड केला तरच उच्च न्यायालयात अपील चाले. वाहन उभे करण्याबद्दलचा दंड या मर्यादेच्या पुष्कळच आत राही. उच्च न्यायालयाचा पुनरीक्षणाचा अधिकार होता खरा, पण चार-दहा रुपयांसाठी त्या दाराशी कोण जाणार? म्हणजे ज्यास लोक सरसकट ‘दंडावर अपील’ म्हणत आले आहेत ते कायद्याच्या परिभाषेत अपील नव्हेच. ती पहिलीच सुनावणी होय, आणि बहुधा तीच शेवटची. त्यामुळे तिचे महत्त्व कमी न होता वाढते.

1939 च्या मोटार वाहन अधिनियमाने एक नवी सोय आणली. कलम 130 अन्वये न्यायालयाने समन्सात असे लिहावयाचे की, आरोपीने जातीने किंवा वकिलामार्फत हजर राहावे, अथवा ठराविक तारखेपूर्वी नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून ठरविलेली रक्कम पाठवावी. तसे केल्यास पुढील कारवाई होणार नाही. इंग्लंडमध्ये टपालाने गुन्हा कबूल करण्याची सर्वसाधारण सोय 1957 च्या कायद्याने झाली; त्यापूर्वी 18 वर्षे हिंदुस्थानात मोटारींच्या गुन्ह्यांपुरती ती अस्तित्वात होती, ही गोष्ट आपल्या विधि-इतिहासात फारशी नोंदली गेलेली नाही. सोय चांगली होती. ज्याच्या हातून चूक झाली त्याचा दिवस वाचला, न्यायालयाचाही वेळ वाचला. पण तिची रचना बारकाईने पाहावी. ‘होय’ म्हणणाऱ्यास टपालाचा मार्ग मिळाला. ‘नाही’ म्हणणाऱ्यास मिळाला नाही. त्याने पूर्वीप्रमाणेच स्वतः जावे, नाही तर वकील धाडावा. निर्दोष माणसाची गैरसोय कोणी वाढविली नाही. दोषी माणसाची तेवढी कमी झाली. दोन्ही वाटा एकाच दंडाच्या दोन बाजूंना असल्यामुळे, एक सोपी होताच दुसरी तुलनेने महाग झाली. हरकीचा आधुनिक अवतार येथे सुरू होतो.

(5) लंडनचा पडताळा

याच काळात इतर देशांत काय घडले याचा थोडा पडताळा घेणे उचित होईल. वाहन उभे करण्याचे जगातील पहिले मीटर अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी येथे जुलै 1935 मध्ये बसले. लंडनमध्ये ते 1958 साली आले आणि 1960 च्या सप्टेंबरात दंडाची चिठ्ठी लावणारे वाहतूक वॉर्डन रस्त्यावर उतरले. त्यांनी लावलेली पहिली चिठ्ठी एका डॉक्टराच्या मोटारीवर होती. तो एका हॉटेलात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णावर उपचार करीत होता. लोकांनी गिल्ला केला आणि 2 पौंडांचा तो दंड माफ झाला. व्यवस्थेच्या पहिल्याच दिवशी हरकतीचा प्रश्न उभा राहावा ही गोष्ट बोधप्रद आहे. कारण तो दंड वरील वर्गीकरणातील तिसऱ्या वर्गात मोडतो. वाहन तेथे होते, मनाईही होती, पण कारण ऐकून घेणारा कोणी त्या क्षणी नव्हता. डॉक्टराची दाद लागली ती वर्तमानपत्रांमुळे, नियमामुळे नव्हे.

नियम होण्यास तीस वर्षे लागली. 1991 च्या रोड ट्रॅफिक अधिनियमाने लंडनमधील पार्किंगचे बहुतेक दंड फौजदारी कक्षेतून काढून दिवाणी केले आणि त्याबरोबर स्वतंत्र निर्णायकांची योजना केली. दंड करणाऱ्या नगरसंस्थेकडे प्रथम लेखी हरकत, ती फेटाळली गेल्यास निर्णायकाकडे अपील. अपिलास शुल्क नाही, आणि कागदपत्रांवरून निकाल मागण्याची मुभा. या व्यवस्थेतही उणिवा असतील. तथापि ‘नाही’ म्हणण्याचा मार्ग ‘होय’ म्हणण्याच्या मार्गाइतकाच टपालाचा झाला, हा तिचा विशेष ध्यानात घेतला पाहिजे.

(6) 1988 ते 2021 : वाटा वाढल्या, दिशा तीच

भारतात मार्ग वेगळा निघाला. 1 जुलै 1989 पासून अमलात आलेल्या 1988 च्या अधिनियमाने वाहन उभे करण्याचा गुन्हा फौजदारीच ठेवला. जुन्या कलम 130 ची तरतूद कलम 208 मध्ये आली. कलम 200 ने अधिकृत अधिकाऱ्याकडे रक्कम भरून गुन्हा आपसांत मिटविण्याची, म्हणजे तडजोडीची, मुभा दिली. तडजोड झाली की पुढील कारवाई थांबते. रस्त्यावर ‘पावती फाडणे’ यास कायद्याचा आधार तो हाच. तडजोड म्हणजे शिक्षा नव्हे. तीस न्यायाधीश लागत नाही. पण तीत निर्णयही नाही. दंड देणारा खरोखर दोषी होता की नव्हता, हा प्रश्न तेथे विचारलाच जात नाही.

ऑक्टोबर 2016 मध्ये मुंबईत ई-चलान सुरू झाले. पोलीस व चालक यांची समोरासमोर गाठ पडण्याची आवश्यकता उरली नाही. छायाचित्र घेतले जाते, वाहनमालकास भ्रमणध्वनीवर संदेश जातो. रोख देवघेवीचे गैरप्रकार यामुळे कमी होण्यास वाव मिळाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु जुन्या पद्धतीत चालकाला जागच्या जागी ‘अहो साहेब, येथे पाटी कोठे आहे?’ असे विचारता येई. नव्या पद्धतीत आरोप कळतो तोपर्यंत जागा, वेळ व साक्षीदार तिन्ही मागे पडलेले असतात. संकेतस्थळावरून तक्रार करण्याची सोय झाली, पण ती ज्या खात्याने चलान केले त्याच्याकडेच. 1672 मध्ये वेगळे ठेवलेले दोन हात येथे पुन्हा एकत्र आले.

31 ऑक्टोबर 2020 रोजी नागपूर येथील ‘न्याय कौशल’ केंद्राबरोबर वाहतूक चलानांसाठी आभासी न्यायालयाचे उद्घाटन झाले. अशा न्यायालयात आरोपी घरबसल्या गुन्हा कबूल करून दंड भरू शकतो. पण त्याने आरोप नाकारला तर प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते. 1939 चे टपाल जाऊन विजेचे यंत्र आले, रचना मात्र अक्षरशः तीच राहिली. 2021 पासून महाराष्ट्रात थकलेली ई-चलाने लोकअदालतीपुढे ठेवण्यात येऊ लागली. 1987 च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाखालील लोकअदालत तडजोडीनेच निकाल लावते आणि तिच्या निवाड्यावर अपील नाही. पंजाब राज्य विरुद्ध जालौर सिंग या 2008 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, लोकअदालतीला न्यायनिर्णयाचा अधिकार नाही. म्हणजे तेथे रक्कम कमी होऊ शकते, पण ‘चलान चूक होते’ असा निर्णय मागण्याची ती जागा नव्हे. निर्दोष माणसाला अर्धी हरकी माफ झाली तरी ती हरकीच.

याच्या उलट दिशेने जाणाऱ्या दोन गोष्टीही नोंदविल्या पाहिजेत. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167-अ हा नियम घालण्यात आला. इलेक्ट्रॉनिक साधनाने केलेल्या चलानाची सूचना 15 दिवसांच्या आत पाठवावी, छायाचित्रावर तारीख, वेळ व स्थळ असावे, कोणत्या तरतुदीचा भंग झाला ते लिहावे, आणि प्रकरण मिटेपर्यंत पुरावा जपून ठेवावा, असा त्याचा आशय आहे. हरकत घेणाऱ्याच्या हाती पडलेले हे खरे शस्त्र होय. दुसरी गोष्ट काहीशी विपरीत आहे. 1973 च्या फौजदारी संहितेतील कलम 376 ने महानगर दंडाधिकाऱ्याच्या 200 रुपयांपर्यंतच्या दंडावर अपील नाकारले होते, आणि कलम 177 खालील पहिल्या गुन्ह्याचा दंड 100 रुपये होता. 2019 च्या दुरुस्तीने तो 500 व पुढील वेळी 1,500 रुपये झाला. त्यामुळे खटला लढवून हरलेल्यास अपिलाचे दार प्रथमच उघडले. हे दार हक्काच्या विचाराने उघडले नाही. दंड वाढला म्हणून उघडले. आणि ज्याने एकदा कबुली दिली त्यास ते बंदच राहिले, कारण कबुलीवरील शिक्षेविरुद्ध, शिक्षेच्या प्रमाणाचा किंवा वैधतेचा प्रश्न वगळता, अपील नाही असे कलम 375 सांगत होते.

(7) एक आक्षेप व त्याचा विचार

येथे एक सबळ आक्षेप येऊ शकतो. शहरातील चलानांची संख्या एवढी मोठी आहे की ‘नाही’ म्हणणे सोपे केल्यास प्रत्येक जण ‘नाही’च म्हणेल, न्यायालये तुंबतील आणि जो रस्ता मोकळा राहावा म्हणून हा सारा खटाटोप तो रस्ताच अडेल. शीव कोळीवाड्यासारख्या दाट वस्तीत, जेथे अग्निशामक गाडी किंवा रुग्णवाहिका शिरण्यास एक भलत्या जागी उभी केलेली मोटार अडथळा होऊ शकते, तेथे या आक्षेपाचे वजन कोणी नाकारू नये. दंडाची भीती सर्वात अधिक उपयोगी पडते ती अशाच गल्लीतील रहिवाशांना.

तथापि या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे. हरकतीची वाट अवघड ठेवली म्हणजे खोट्या हरकती अडतात, असे ते गृहीत. वास्तविक अवघड वाट खऱ्या-खोट्याची निवड करीत नाही. ती सवड असलेल्या व सवड नसलेल्या माणसांची निवड करते. समजा, कोळीवाड्यातील एक मासळी विकणारी बाई पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल आणण्यासाठी आपल्या मुलाचा छोटा टेम्पो वापरते, आणि ती धक्क्यावर असता त्या टेम्पोवर भलत्याच ठिकाणचे 500 रुपयांचे चलान येते. चूक ओळखीची आहे. छायाचित्र पाहताच कळण्यासारखी. न्यायालयाच्या एका तारखेस त्यांचा दिवस जातो. ताजी मासळी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. दोन तारखा पडल्या की निर्दोष ठरण्याची किंमत दंडाहून अधिक होते. ती बाई मुलाला म्हणेल, ‘भरून टाक बाबा,’ आणि हिशेबाने तिचे बरोबरच असेल. पण मग सरकारच्या दप्तरी त्या टेम्पोचा एक गुन्हा नोंदला जातो, पुढच्या वेळी दुप्पट-तिप्पट आकारणीचा धोका उभा राहतो, आणि क्रमांक चुकीचा वाचणाऱ्या यंत्रास आपली चूक कधी कळतच नाही. उलट ज्याच्या पदरी वकील आहे तो खऱ्या चलानावरही तारखा घेत बसू शकतो.

म्हणून आक्षेपाचे उत्तर चुकांच्या वर्गीकरणातच सापडते. ओळखीची व स्थळाची चूक कागदावरून ठरू शकते. अशा हरकती लेखी घेऊन, चलान करणाऱ्याहून वेगळ्या व्यक्तीने, हजेरीवाचून निकालात काढल्या तर न्यायालयाचा भार वाढण्याऐवजी घटण्याचाच संभव अधिक. जातीने ऐकून घ्यावे लागते ते केवळ तिसऱ्या वर्गाचे प्रकरण.

(8) उपसंहार

मराठेशाहीतील हरकीकडे पुन्हा एकदा पाहू. तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. वतनाच्या व दिवाणी तंट्यांत ती घेतली जाई, आणि आजच्या दंडाशी तिची तुलना केवळ दृष्टांतापुरती आहे. पण तिच्यात एक प्रामाणिकपणा होता. न्याय मिळविण्यास किती पडले, ते सरकार उघड सांगे आणि कागदावर लिही. निर्दोष नागरिक आज जी हरकी देतो ती कोणत्याही हिशेबात लिहिली जात नाही. ती बुडालेल्या रोजात असते, फुकट गेलेल्या खेपेत असते, आणि ‘भरून टाक’ या दोन शब्दांत असते. जी रक्कम नोंदली जात नाही ती कमी करण्याची निकडही कोणास भासत नाही.

1939 पासूनच्या तरतुदी क्रमाने वाचल्या असता असे दिसते की, या गोष्टी कोणी दुष्टबुद्धीने घडविल्या नाहीत. प्रत्येक सुधारणा सोयीसाठीच होती, आणि प्रत्येकीने सोय केलीही. फक्त ती कबुली देणाऱ्याची केली. शीव हे एकेकाळी बेटाच्या चार न्यायविभागांपैकी एक होते. साडेतीनशे वर्षांनंतर तेथील रहिवाशाच्या हातातील यंत्रावर आरोप क्षणात येऊन पोचतो, आणि त्याच यंत्रावर त्याची कबुलीही क्षणात घेता येते. त्याचा नकारही त्याच वाटेने, तितक्याच सहज आणि तिऱ्हाइताच्या हाती पोचला, तरच चलान हा शब्द पुन्हा आपल्या मूळ अर्थाने वापरता येईल.